परवा वाशीला जे ऐकलं, त्यातलं वाजवलेलं किती?

पेटीवाला_नौपाडा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गेल्या शनिवारी भाचीबरोबर वाशीला एका इलेक्ट्रॉनिक संगीताच्या कार्यक्रमाला गेलो होतो. कलाकाराचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एकट्याचा नाही. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगतो.

आधी मी कुठून बोलतोय ते. १९८८ ते २००४ अशी सोळा वर्षं ठाणे, कल्याण, डोंबिवली, पनवेल या पट्ट्यात वाद्यवृंदांत कीबोर्ड वाजवला. गाण्यातले पीसेस, म्हणजे ओळींच्या मधले वाद्यांचे तुकडे, कॅसेट मागेपुढे करून उतरवून घ्यायचे. मंचावर एका हातात व्हायोलिनचा ताफा, दुसऱ्या हातात बासरी, आणि गायिकेने ऐन वेळी पट्टी खाली मागितली की तेवढ्या चार सेकंदांत ट्रान्सपोज करायचं. त्यामुळे कोणी वाद्यासमोर उभं राहिलं की माझी नजर आपोआप हातांवर जाते.

आम्ही उजव्या कडेला कठड्याला टेकून उभे होतो, टेबलापासून पंधरा-वीस फुटांवर. टेबलावर दोन लॅपटॉप, नॉबांची एक पेटी, उजळणाऱ्या चौकोनी पॅडची दुसरी पेटी आणि दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड. साधारण विसाव्या मिनिटाला एक जागा आली. आवाज आधी जाड गोधडीखालून आल्यासारखा होता, मग गोधडी हळूहळू बाजूला होत गेली आणि वरचे स्वर मोकळे होत गेले. तो एक नॉब फिरवत होता, अंग मागे झुकलेलं, डोळे मिटलेले. मग त्याने दोन्ही हात डोक्यावर नेऊन टाळ्या वाजवायला सुरुवात केली. हात नॉबवरून सुटले, आवाज मात्र त्याच चालीने उघडत राहिला. पुढे आणखी दोनदा हेच दिसलं.

संगीत मला आवडलं. बेस बरगड्यांत जाणवत होता, साउंड स्वच्छ होता, भाची तर खुळावली होती. पण परतताना ठाणे लोकलमध्ये माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत राहिली. त्या दीड तासातलं त्या दीड तासात घडलेलं असं नेमकं काय होतं? ज्यांना आतलं माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

सानपाडा_स्लो

मीही होतो तिथे. गेल्या कित्येक महिन्यांतली सर्वांत चांगली संध्याकाळ होती ती माझ्यासाठी. हात कुठे होते ते पाहिलंच नाही. मला झालेला आनंद खरा होता, मग वाजवणं खरं होतं की नाही याने काय फरक पडतो? वाद घालायला विचारत नाहीये, समजून घ्यायचं आहे.

पेटीवाला_नौपाडा

@सानपाडा_स्लो, फरक असा. आपल्या वाशीच्या एपीएमसी बाजारातून देवगड हापूस सांगून पेटी आणली आणि घरी आल्यावर कळलं की आंबा दुसरीकडचा आहे. आंबा गोड असतो, मुलं आवडीने खातात, तरी मन खट्टू होतं. आंब्यावर माझा राग नाही, पेटीवरच्या चिठ्ठीवर आहे. तिकिटावर 'लाइव्ह' लिहिलं होतं.

पार_कॅन_घणसोली

दिवे हा माझा व्यवसाय आहे, बारा वर्षं झाली. त्या कार्यक्रमाला मी नव्हतो, पण तशा बऱ्याच कार्यक्रमांना कन्सोलवर, म्हणजे दिवे चालवायच्या टेबलावर, असतो.

मोठ्या मंचावर दिवे, मागचा पडदा, लेझर, धूर हे बऱ्याचदा टाइमकोडवर चालतं. टाइमकोड म्हणजे ऑडिओच्या वायरीतून जाणारं घड्याळ. तास, मिनिट, सेकंद आणि फ्रेम, आपल्याकडे सहसा सेकंदाला २५. गाण्याच्या शेजारी एका वेगळ्या ट्रॅकवर ते चालू असतं. हेडफोनला लावून ऐकलंत तर फॅक्स मशीनसारखी किरकिर येते. ती स्पीकरला जात नाही, थेट माझ्या कन्सोलमध्ये येते. १२ मिनिटं ४ सेकंद ९ फ्रेम झाल्या की डावीकडचे लेझर पेटतात. मी बोटही लावलेलं नसतं.

आता हे घड्याळ सलग चालायचं तर गाणंही सलग चाललं पाहिजे. कलाकाराने मनात आणून चार आवर्तनं जास्त घेतली तर पडद्यावरचं चित्र पुढे निघून जाईल. म्हणजे दिखावा जितका मोठा, तितकं वाजवणाऱ्याचं स्वातंत्र्य कमी. मोठे कार्यक्रम ठरीव का असतात याचं एक सरळ कारण हे. दुसरं कारण रात्री दहाचं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे उघड्या मैदानावर दहानंतर लाउडस्पीकर बंद. आयोजकाला शेवटचं गाणं ९.५४ ला संपणार हे आधीच माहीत असलं की त्याला झोप लागते.

पण एक सावधगिरी. दिवे तालावर अचूक पडले म्हणजे सगळं आधी भरलेलं होतं, असा निष्कर्ष काढू नका. हल्लीचे डीजे प्लेअर नेटवर्कवरून सांगत असतात की कोणतं गाणं कुठपर्यंत आलंय, आणि दिवे त्याच्या मागे जातात. तिथे डीजेने क्रम बदलला तरी दिवे चुकत नाहीत.

सानपाडा_स्लो

मग जानेवारी २०२५ मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये कोल्डप्लेच्या वेळी आमच्या मनगटातले पट्टे एकदम पिवळे व्हायचे, तेही असंच?

पार_कॅन_घणसोली

पट्ट्यांना बाहेरून इशारा जातो. तो इशारा आधी बसवून ठेवता येतो किंवा माणूस हातानेही देऊ शकतो. त्या रात्री कोण काय करत होतं ते त्यांच्या टीमला माहीत.

आठ_बार

मी कोलशेतला राहतो, घरीच संगीत बनवतो आणि लहान जागांमध्ये वाजवतो. काका, तुमचा प्रश्न आमच्या वर्तुळात सगळ्यांच्या मनात असतो, पण उघडपणे कमी बोलला जातो. म्हणून जरा मोठं लिहितो.

तुम्ही पाहिलंत तसंच टेबल लावून चार माणसं चार वेगळी कामं करू शकतात. एखादा पूर्ण दीड तासाची एकच फाइल लावून उभा असतो. दुसऱ्याकडे तेच गाणं ड्रम, बेस, सूर, आवाज असं सुटं करून ठेवलेलं असतं, आणि तो कधी बेस काढून घेतो, कधी ड्रम कोरडे ठेवतो. साउंडवाला मिक्सरवर करतो तसंच ते काम आहे आणि ते चांगलं करायला कान लागतो.

तिसरा प्रकार मला सर्वांत जवळचा आहे. बर्लिनच्या एका कंपनीने २००१ मध्ये एबलटन लाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर आणलं. त्यात गाणं डावीकडून उजवीकडे पसरलेलं नसतं. चार-आठ बारचे (बार म्हणजे चार ठोक्यांचं एक आवर्तन) तुकडे चौकोनांत ठेवलेले असतात आणि प्रत्येक तुकडा तुम्ही थांबवेपर्यंत फिरत राहतो. पॅडवरचे ते उजळणारे चौकोन म्हणजे हे तुकडे. मी पॅड दाबलं तरी तुकडा लगेच वाजत नाही, पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्याची वाट पाहतो. म्हणजे ठोका चुकण्याची भीती यंत्राने काढून घेतली. माझ्याकडे उरलं ते काय, कधी आणि किती वेळ. चौथे लोक ड्रम मशीन, सिंथ (सिंथेसायझर) आणि वायरींचं जाळं घेऊन येतात आणि जागेवरच सगळं उभं करतात. त्यांचं काही साठवलेलंच नसतं.

तुम्ही पाहिलेल्या गोष्टीला ऑटोमेशन म्हणतात. आवाज उघडण्याची रेघ आधी काढून ठेवलेली असते. स्क्रीनवर ती रेघ दिसते आणि यंत्र तिच्यावरून चालत जातं. तुमची नजर बरोबर होती. दोन लॅपटॉप मात्र फसवण्यासाठी नसतात. दुसरा राखीव असतो. दोन्ही एकाच वेळी तेच वाजवतात आणि पहिला अडकला तर मधली पेटी आपोआप दुसऱ्यावर जाते.

आता माझी गोष्ट. तीन वर्षांपूर्वी एका कॉलेजच्या महोत्सवात वाजवत होतो. तेव्हा मी सगळा सेट एका रांगेत लावून ठेवायचो आणि वर नॉबने थोडे बदल करायचो. पंधराव्या मिनिटाला कंट्रोलरची यूएसबी वायर माझ्याच पायात अडकून निघाली. पॅडचे दिवे विझले. मी नॉब फिरवतोय आणि काही होत नाहीये. संगीत चालूच होतं. मी घाबरून समोर पाहिलं तर मुलं नाचत होती. वायर टेबलाखाली शोधून परत लावेपर्यंत चार मिनिटं गेली. त्या चार मिनिटांत कोणाला काही कळलं नाही. खाली उतरल्यावर एक जण म्हणाला, 'मधला भाग जबरदस्त होता.' तो भाग त्याच चार मिनिटांतला होता.

त्या रात्री मला झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी तो सेट मोडला. आता माझ्याकडे आठ-आठ बारचे तुकडे असतात. मी काही केलं नाही तर तोच तुकडा फिरत राहतो आणि दोन मिनिटांत लोक कंटाळतात. तसं व्हायलाच हवं, असं मला वाटतं.

सातवी_मात्रा

@आठ_बार, 'पुढच्या बारच्या पहिल्या ठोक्याची वाट पाहतो' हे वाचून मला तबल्याचा क्लास आठवला. आपण त्याला समेची वाट पाहणं म्हणतो.

पेटीवालेदादा, आपल्या मैफलीतही यंत्रं केव्हाची शिरली आहेत. बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९ साली इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी बनवली, पुढे इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला. आज ठाण्यातल्या कितीतरी घरगुती बैठकींत तानपुऱ्याची जोडी म्हणजे फोनमधलं ॲप असतं. तबल्याचा एकलवादनाचा रियाज मी स्वतः लेहऱ्याच्या यंत्रावर करतो. यंत्र तीनतालात नगमा, म्हणजे आवर्तनभराची एकच धून, फिरवत राहतं, मी त्यावर कायदा, रेला आणि तिहाई (तीनदा वाजवून समेवर येणारा तुकडा) मांडतो. कोणी येऊन म्हणत नाही की हे वादन खोटं आहे.

पण यंत्रावर वाजवणं आणि सारंगीवाल्याबरोबर वाजवणं यात काय बदलतं तेही सांगतो. तिहाई एका मात्रेने चुकली तर सारंगीवाला माझ्या चेहऱ्याकडे बघतो आणि सम अशी ठेवतो की श्रोत्याला वाटावं हे ठरवूनच होतं. यंत्र सम जिथे आहे तिथेच ठेवतं आणि मी उघडा पडतो.

काफी_थाट

अगदी. मी हौशी गायिका आहे. घाणेकर नाट्यगृहाच्या मिनी थिएटरला आम्ही कराओकेचे कार्यक्रम करतो, पूर्वी वाद्यवृंदाबरोबरही थोडं गायलंय. वाद्यवृंदात एकदा अंतऱ्याच्या आधी मला ओळच आठवेना. ढोलकीवाल्या काकांनी नुसतं पाहिलं आणि ठेका तसाच धरून ठेवला, कीबोर्डवाल्याने पीस परत घेतला, आणि तेवढ्यात मला ओळ सापडली. लोकांना वाटलं पीस दोनदाच आहे. आमच्यात त्याला सांभाळून घेणं म्हणतात. कराओकेचा मायनस ट्रॅक, म्हणजे गायकाचा आवाज काढलेली भरलेली साथ, कधीच सांभाळून घेत नाही. तो निघून जातो आणि आपण त्याच्या मागे पळत राहतो.

मी गाते ते खरंच गाते, तरी त्या संध्याकाळी मंचावर मी एकटी असते.

पेटीवाला_नौपाडा

@काफी_थाट, तो पीस परत घेणारा कीबोर्डवाला प्रत्येक वाद्यवृंदात असतो. मीही घेतलेत. तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

तबकडी_१९८२

थोडा इतिहास लिहितो, कारण हा प्रश्न लॅपटॉपच्या आधीचा आहे.

सत्तरच्या दशकात जर्मनीचा टँजरिन ड्रीम हा बँड मंचावर बरंचसं जागेवर रचत असे. त्यांचे मूग कंपनीचे मोठाले सिंथ तापमान बदललं की बेसूर व्हायचे आणि वाजवता वाजवता सूर जुळवावा लागायचा. म्हणजे यंत्रच इतकं लहरी होतं की दोन रात्री सारख्या होणं शक्य नव्हतं. १९८३ मध्ये मिडी ही वाद्यं एकमेकांना जोडायची पद्धत आली, एका कंपनीचा सिंथ दुसऱ्या कंपनीच्या सिंथला सूर सांगू लागला, संगणक त्या सगळ्यांना सांगू लागला, आणि मग अचूकपणा स्वस्त झाला. तेव्हापासून श्रोत्यांची ही शंका वाढत गेली आहे असं माझं वाचन सांगतं.

इंग्लंडच्या ऑर्केस्ट्रल मॅनुव्हर्स इन द डार्क या जोडीने १९७८ मध्ये सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे ड्रम वाजवणारा नव्हता. ते टेपरेकॉर्डरवर साथ भरून आणायचे. पण तो टेपरेकॉर्डर त्यांनी लपवला नाही. मंचावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि त्याचं नाव ठेवलं विन्स्टन. मला हे फार आवडतं. साथीदार यंत्र आहे, तर त्याला साथीदाराची जागा द्या.

आणि २०१२ मध्ये डेडमाउस या कॅनडाच्या प्रसिद्ध कलाकाराने स्वतःच्या ब्लॉगवर सरळ लिहून टाकलं की या पातळीवर आम्ही सगळे प्लेचं बटण दाबतो, कौशल्य स्टुडिओत लागतं. बरीच खळबळ झाली. मला मात्र त्या लिखाणानंतर त्याच्याबद्दल आदर वाढला.

आपल्या मुंबईचं उदाहरण द्यायलाच हवं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवणारे. १९८२ मध्ये त्यांनी रोलँडच्या टीआर-८०८ ड्रम मशीनवर आणि टीबी-३०३ बेसवर ठेका बांधला आणि ज्युपिटर-८ या सिंथवर दहा राग वाजवले. तबकडी खपली नाही. २०१० मध्ये हॉलंडमधून ती पुन्हा निघाली तेव्हा जगाला कळलं की ॲसिड हाउस नावाने पुढे गाजलेल्या संगीताशी तिचं किती साम्य आहे. त्यानंतर हे आजोबा युरोपात जाऊन तीच वाद्यं मंचावर वाजवून आले. २०१५ मध्ये मुंबईत गेले. ऐकून पाहा. खालचा ठेका पूर्ण यंत्राचा, एका रेषेत चाललेला, आणि वर माणसाचा हात मींड घ्यायचा प्रयत्न करतोय. कोणता भाग कोणाचा हे कानाला लगेच कळतं.

सातवी_मात्रा

तबकडीकार, धन्यवाद. भैरव आत्ताच ऐकला. यंत्राचा ठेका आहे पण आलापासारखा श्वास आहे वरच्या हाताला.

तिसरी_घंटा

मी या विषयातला नाही, पण धाग्याने राहवेना. व्यावसायिक नाटकांना एकवीस वर्षं पार्श्वसंगीताचं संचालन केलं. म्हणजे मी तोच, प्लेचं बटण दाबणारा माणूस.

सुरुवातीला टेपचे स्पूल होते. प्रत्येक संगीताच्या तुकड्याच्या आधी पांढरी फीत चिकटवलेली असायची, म्हणजे अंधारात बोटाला आणि डोळ्याला कळावं की पुढचा क्यू इथे सुरू होतो. मग कॅसेट आली, मग मिनीडिस्क, शेवटी लॅपटॉप. संहितेच्या समासात पेन्सिलने खुणा. संगीत सगळं स्टुडिओत भरलेलं, त्यात माझा एक स्वर नाही.

एका नाटकाचा दुसरा अंक असा संपायचा की आई दाराकडे जाते, थांबते, वळत नाही, आणि मग सतारीवर 'झाल्या'चा, म्हणजे झरझर छेडलेल्या तारांचा, एकच तुकडा. कागदावर लिहिलंय, 'आई थांबते, क्यू १७.' पण आई किती थांबते? शिवाजी मंदिरला त्या बाई दोन सेकंद थांबायच्या. गडकरी रंगायतनला एकदा असं झालं की आधीच्या वाक्यावर प्रेक्षागृहात कोणीतरी हुंदका दिला. बाईंना तो ऐकू गेला. त्या थांबल्या त्या थांबल्याच. मी बटणावर बोट ठेवून त्यांच्या पाठीकडे बघत होतो. चार सेकंद, पाच सेकंद. त्यांचा उजवा खांदा जरासा खाली आला, तेव्हा मी दाबलं. त्या आत आल्या आणि म्हणाल्या, 'आज बरोबर दिलंस.' दिग्दर्शकाने सांगितलेल्या जागेपेक्षा ते चांगलं तीन सेकंद उशिरा होतं.

त्याच नाटकाचे तीनशेच्या वर प्रयोग केले. त्यांतल्या काही प्रयोगांत मी पाट्या टाकल्यासारखी बटणं दाबली, हेही खरं आहे. तेव्हा बाई काही बोलायच्या नाहीत.

म्हणून मला 'तो फक्त प्ले दाबतो' या वाक्याने काहीच कळत नाही. तो कोणाकडे बघून दाबतो ते सांगा.

पेटीवाला_नौपाडा

@तिसरी_घंटा, नमस्कार. तुमचा प्रतिसाद मी आज सकाळी बायकोला वाचून दाखवला.

माझी चूक मान्य करतो. मी हात पाहत होतो आणि हातांवरून माणूस मोजत होतो. वाद्यवृंदात मीही काही वर्षांनी इतका सरावलो होतो की ठराविक गाणी वाजवताना मनात घरचा हिशोब चालायचा. दहा बोटं चालू, त्यातलं एकही त्या संध्याकाळचं नाही. कोणी पाहिलं असतं तर म्हणाला असता, शंभर टक्के लाइव्ह.

तरी एक गोष्ट मी सोडणार नाही. नॉब फिरवल्याचा अभिनय. तो करायची काय गरज होती? स्वस्थ उभा राहिला असता तरी मला चाललं असतं.

काफी_थाट

दादा, शास्त्रीय गायकही हातवारे करतात. हाताने स्वर निघत नाही, तरी आपण ते खोटं मानत नाही.

पेटीवाला_नौपाडा

गायकाचा हात स्वराच्या मागे जातो, ताई. स्वर आधी, हात नंतर. इथे हात सांगत होता की मी आहे म्हणून हा आवाज उघडतोय. तेवढंच मला खटकलं.

आठ_बार

काका, यावर मी तुमच्या बाजूचा आहे, पण त्या माणसाची अडचणही सांगतो. दोनशे फुटांवरून पॅडवरची बोटं दिसत नाहीत. टेबल उंच, माणूस लहान. तो मान खाली घालून खरंखुरं काम करत राहिला तर मागच्या माणसाला वाटतं की हा ईमेल वाचतोय. आयोजकही सांगतात, जरा लोकांकडे बघा, हात वर करा. मग हळूहळू हात वर करायची सवय लागते, आणि हात वर करायला मोकळे हवेत म्हणून ऑटोमेशन वाढत जातं. मी हे माझ्या स्वतःच्या सेटमध्ये होताना पाहिलंय.

यावर एक उपाय मला पटलेला आहे. जगात लाइव्ह कोडिंग करणारी मंडळी आहेत. सॉनिक पाय, टायडलसायकल्स अशा साधनांत ते मंचावर संगणकाची आज्ञावली लिहितात आणि ती लिहिता लिहिताच संगीत बदलतं. त्यांच्यात २००४ पासून एक नियमच आहे की स्क्रीन लोकांना दाखवायची. मागच्या पडद्यावर त्यांचा कोड दिसतो. चूक झाली तर चूकही दिसते. मी आता लहान जागेत वाजवतो तेव्हा कॅमेरा वरून टेबलावर लावतो आणि माझे हात भिंतीवर टाकतो. पहिल्या वेळी हात थरथरत होते आणि तेही भिंतीवर मोठं दिसलं. कार्यक्रमानंतर सात-आठ जण टेबलाशी येऊन विचारत होते, हे लाल चौकोन काय, ते हिरवे काय. याआधी कोणी कधी आलं नव्हतं.

पार_कॅन_घणसोली

आठ_बार, पुढच्या वेळी सांगा. वरच्या कॅमेऱ्यासाठी टेबलावर सावली न पडेल असा दिवा लावून देतो. पैसे नकोत.

लाल_चौकोन (नवीन सदस्य)

मामा, मी आहे. तुझा धागा आईने दाखवला म्हणून सदस्यत्व घेतलं.

तू लोकलमध्ये जे विचारत होतास त्याचं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. आता थोडं आहे. त्याच कलाकाराचा दोन दिवस आधी पुण्यात कार्यक्रम झाला होता. माझ्या मैत्रिणीच्या भावाने तो जवळजवळ पूर्ण रेकॉर्ड केला होता. वाशीचं रेकॉर्डिंग माझ्याकडे होतंच. दोन्हींचा आवाज काढून घेतला आणि एकाखाली एक ठेवून जुळवला.

पहिली एक्केचाळीस मिनिटं दोन्ही एकमेकांवर बसतात. तू म्हणालास ती गोधडीची जागा दोन्हीकडे तंतोतंत सारखी आहे. आवाज उघडायला लागतो तो सेकंद सारखा, पूर्ण उघडतो तो सेकंदही सारखा. म्हणजे ते भरलेलंच होतं. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू.

पण एक्केचाळिसाव्या मिनिटाला वाशीचं रेकॉर्डिंग पुण्यापासून सुटतं. ठेका थांबतो आणि फक्त सूर उरतात ना, ती जागा. पुण्यात ती सोळा बारची आहे. वाशीत बत्तीस बारची. वेग मिनिटाला १२८ ठोके आहे, म्हणजे सोळा बारचे बरोबर तीस सेकंद जास्त. त्यानंतर शेवटपर्यंत पुन्हा सगळं जुळतं, फक्त तीस सेकंद मागे.

आठ_बार

फार छान काम केलंस. एक विचारतो, दोन फोनची घड्याळं तासाभरात थोडी सरकतात. ते धरलंस का?

लाल_चौकोन

हो, हळूहळू सरकत होतं ते आधी ताणून जुळवलं. हा फरक तसा नाही. एकाच जागी आहे आणि पूर्ण सोळा बारचा आहे.

पार_कॅन_घणसोली

मग सगळा कार्यक्रम एका घड्याळावर नव्हता. प्रत्येक गाण्याचं घड्याळ वेगळं असणार आणि ती जागा उघडी सोडलेली असणार, तो पॅड दाबेपर्यंत फिरत राहील अशी. दिव्यांच्या कन्सोलवर कोणीतरी त्याच्याकडे बघत बसलेलं असणार. दिवे त्या वेळी काय करत होते आठवतं का?

लाल_चौकोन

निळे होते आणि हलत नव्हते.

पार_कॅन_घणसोली

धरून ठेवले होते. हाताने.

तिसरी_घंटा

बाळ, त्या वेळी प्रेक्षक काय करत होते?

लाल_चौकोन

रेकॉर्डिंगमध्ये ऐकू येतंय. मागून, डावीकडून टाळ्या सुरू झाल्या, ठोक्यावर नाही, ठोक्यांच्या मधल्या जागी. ठेका बंद होता म्हणून त्या स्पष्ट आहेत. आधी थोड्या, मग पसरत पुढे आल्या. पुण्याच्या रेकॉर्डिंगमध्ये टाळ्या नाहीत. तिथे सोळा बार झाले आणि ठेका आला. वाशीत सोळाव्या बारला टाळ्या नुकत्या आमच्यापर्यंत पोचत होत्या. त्याने ठेका आणलाच नाही. सगळं मैदान टाळ्या वाजवायला लागल्यावर आणला.

पेटीवाला_नौपाडा

बेटा, मला ती जागा आठवते. टाळ्या मीही वाजवल्या. त्या वेळी तो नाचत नव्हता, हात वर नव्हते. मान खाली होती आणि एक बोट पॅडवर टेकवलेलं होतं, दाबलेलं नव्हतं. मला वाटलं दमला असेल, आणि मी तुझ्या पिशवीतली पाण्याची बाटली काढायला वळलो.

तुझ्याकडे त्या तीस सेकंदांचं चित्र असेल तर पाठव. आवाज नको, फक्त चित्र.